आमच्या देशाला समुद्र नाही

भोर, मार्गशीर्ष, शके १८५८

श्री. रघुदादास मधूचा शिरसाष्टांग नमस्कार. तुझी प्रकृती ठणठणीत असेलच. थोडी बिघडली असली तर तेही बरंच, अशा माणसानं प्रवास करू नये.

रविवारी तू भोरला येणार असं मावशीनं कळवलं. तू पडलास पुण्याचा, म्हणून आमच्या संस्थानाची, म्हणजे आमच्या देशाची, ओळख आधीच करून देतो. चहूकडे डोंगर, डोंगरापलीकडे खालसा, म्हणजे इंग्रजांचा मुलूख. समुद्र नाही म्हणून जहाज नाही. रेल्वे नाही म्हणून पळून जायची सोय नाही. (धरणाचं पाणी दाखवून लोक 'हा आमचा समुद्र' म्हणतात. त्यावर ऊस पिकतो तो मात्र परक्यांचा!) पुण्याच्या वाटेवर वरवे गावाच्या थोडं पुढं इथल्या लोकांचा परदेश सुरू होतो. पुण्याचं कॉलेज सोडून आलो तेव्हा मोटार नेमकी तिथंच बंद पडली. माझी ट्रंक बैलगाडीत टाकत गेनबा गाडीवान साऱ्या रस्त्याला ऐकू जाईल असं विचारतो, "काय मालक, पास होऊन आलात का पळून?" असले इथले नागरिक!

इथला राष्ट्रीय धंदा म्हणजे नाती उकरणं. परवा कचेरीतल्या अण्णांकडे त्यांच्या शैलजेला मागणी घालायला गेलो. (होय, तीच. कॉलेज तिच्यासाठीच सोडलं. तर्कशास्त्राच्या तासाला तिची आठवण आली, उठलो तो थेट मोटारीत बसलो.) अण्णांनी विचारलं, "कुणाचे तुम्ही? आजोळ कुठलं?" मी 'शैलजा' म्हणेपर्यंत म्हातारा माझ्या पणजीपर्यंत पोचला आणि एकदम ओरडला, "अहो, म्हणजे रघुवीररावांचे मावसभाऊ! घरचेच की!" मग घरच्या माणसाला सांगावं तसं त्यांनी मला काम सांगितलं: रविवारी तू शैलजेला पाहायला येणार, त्याआधी तिची पत्रिका तुझ्याकडे पोचवायची. मागणी घालायला गेलो आणि हमाल होऊन परतलो.

असला देश, असली माणसं. इथं येऊन तू काय करणार? मावशीला नमस्कार.

तुझा,
मधू

ता. क. पत्रिका जुळत नाही. (अजून कुणाला दाखवलेली नाही, पण जुळत नाही.)

आणखी एक. शैलजेला देवळात सगळं सांगितलं. वाटलं, रडेल. म्हणाली, "अर्धवट शिकलेल्याला अण्णा देणार नाहीत, आणि मी तरी का येऊ? परीक्षा द्या. तोवर अण्णांना मी थोपवते." तेव्हा दादा, तू येऊ नकोस; प्रिन्सिपॉलसाहेबांना भेटून मला परत घेतील का ते विचार. मी पुण्याला निघालोच आहे. गेनबा गाडी जुंपून दारात उभा आहे आणि गल्लीला ऐकू जाईल असं विचारतो आहे, "मालक, आता हितनं पळून व्हय?"