गुणीचा चौथा अंक

प्रिय दिव्यानी,

तू फोन मध्येच ठेवलास, म्हणून हे पत्र. पत्र मध्येच ठेवलं तरी ते टेबलावर पडून राहतं आणि येता-जाता दिसतं. पहिलंच सांगून टाकते: कॉमिक मी बंद करणार नाही. चौथा अंक निघेल. तू म्हणालीस, "आई, आता तरी हा पोरखेळ थांबव." पोरखेळ आहे हे मला मान्य आहे. थांबवणं मान्य नाही.

इकडे सगळं ठीक आहे. कूलरचं गवत बदललं. मागच्या आंब्यावर वानरांनी धाड घातली, लोणच्यापुरत्या कैऱ्या वाचल्या. तालुक्याच्या गावी, मूलला जाऊन डोळे तपासून आले. डॉक्टर म्हणाला, या वयात बारीक काम कमी करा. मी त्याला विचारलं की या वयात मोठी कामं कोण देतं? तो हसला आणि चष्म्याचा नंबर लिहून दिला. नवा चष्मा चांगला आहे. आता पेनाची रेघ कुठे संपते ते मला तुझ्याइतकंच नीट दिसतं.

तुला वाटतं, हे सगळं तुझ्या जुन्या फोनमुळे झालं. तू तो इथे टाकून गेलीस आणि त्यात तो टामोरा गेम राहिला, एवढंच तुझं. पुढचं माझं. रिटायर झाल्यावर लोक भजनाला जातात, बचत गटाच्या मीटिंगला जातात. मी टामोरात गेले. जंगलात हिंडायचं, कधी न पाहिलेले प्राणी भेटतात, त्यांना कंदिलात पकडायचं, पाळायचं, मोठं करायचं. पकडायचा नियम एकच: कंदिलाचं झाकण उघडून प्राण्याला त्याच्या नावानं हाक मारायची. नाव बरोबर असेल तर प्राणी आत येतो आणि तुमचा होतो. शाळेत मी जन्मभर वर्गीकरण शिकवलं, पण मुलं जांभया देत असत. हे वर्गीकरण शेपटीतून ठिणग्या सोडत होतं. मला फार आवडलं. अजूनही आवडतं. त्याचं कारण कोणी विचारलं तर मी सांगत नाही, कारण भजनाला जाणाऱ्यांना कोणी कारण विचारत नाही.

फक्त त्या जंगलाचा मला राग यायचा. सगळीकडे टोकदार झाडं आणि बर्फ. एक मोह नाही, एक तेंदू नाही, बांबूचं एक बेट नाही. म्हणून मी कागद घेतला आणि टामोरा आपल्या रानात आणला. मोहाच्या फुलातून निघणारी, स्वतःच्याच वासानं झिंगून पडणारी मोहुली. वारूळ डोक्यावर घेऊन फिरणारा वारुळ्या. प्रत्येक अंकावर मी ठळक लिहिलं, की हे टामोरा या खेळावरून सुचलं आहे. लपवण्यासारखं त्यात काय आहे? आणि कंदील हातात घेऊन रानात जाणारी नायिका हवी होती, ती शोधावी लागली नाही. ती रोज सकाळी आपल्या अंगणातून शॉर्टकट मारून रानात जायची: आपली गुणाबाई.

गुणाबाईला मी पहिलं पान दाखवलं तेव्हा ती किती हसली ते तुला फोनवर सांगितलं होतं. "बाई, तुमी शिकलेल्या मानूस, अन् हे काय करून राह्यल्या लेकरावानी?" मग पान परत हातात घेऊन, डोळ्यांजवळ नेऊन म्हणाली, "मले काऊन एवढं नाकाडं काढलं? माझं नाक असं हाय का?" मी म्हटलं, आहे. त्यावर तिनं धुरपताला हाक मारली, सुनेनं सासूच्या नाकावर खरं काय ते सांगावं म्हणून. आणि धुरपता पदर तोंडाला लावून पळाली. नाक मी बदललं नाही. नाव तेवढं गुणी केलं. त्यानंतर प्रत्येक पान गुणाबाईच्या पसंतीला उतरूनच तुझ्याकडे रंगवायला आलं. तुला माहीत नाही, तू पाठवलेल्या रंगांवरही तिचं मत असायचं. मोहुली तू पिवळी केलीस तेव्हा म्हणाली, "पोरगी पुन्याले जाऊन मोह विसरली." दुसऱ्या वेळी तू ती फिकट, लोण्यासारखी केलीस, तेव्हा काहीच बोलली नाही. म्हणजे पसंत.

तिसऱ्या अंकात मोठा प्राणी यायचा होता. आपल्या रानात मोठा प्राणी म्हणजे कोण, ते वेगळं सांगायला नको. मी त्याला पट्टे काढले, डोळ्यांत निखारे काढले, आणि गुणी कंदील उघडून त्याला हाक मारते असं दाखवलं. वाघावरूनच एक नाव पाडलं होतं, तुला आठवतंच. गुणाबाईनं ते पान पाहिलं आणि पुस्तक मिटलं. "हे नाव नोको." मी म्हटलं, कागदावर आहे. ती म्हणाली, "कागदावर असो नाई तं कुठी असो. मोहावर जाऊन राह्यलो आमी. ज्या घरातून बाई मोहावर जाते त्या घरात त्याचं नाव नाई घेत. जनावर म्हना, नाई तं चूप राहा." मला वाद घालता आला असता. घातला नाही, कारण रानात ती जात होती, मी नव्हते. गुणीच्या तोंडाजवळच्या संवादाच्या फुग्यातलं नाव मी पांढऱ्या शाईनं पुसलं, मूलच्या छापखान्यातल्या प्रती रिकाम्या फुग्याच्या निघाल्या. पण हे एक पान मी घाईत तिला दाखवण्याआधीच तुला पाठवलं होतं, आणि तोवर तू तिकडे नावासकट अक्षरं घालून पानं नेटवर टाकली होतीस. त्यावर लोकांनी खूप छान-छान लिहिलं, तू मला वाचून दाखवलंस. आपण दोघी खूश होतो.

मोहाच्या ऐन हंगामात गुणाबाई गेली. कशी ते तू पेपरात वाचलंस. पेपरानं नाव चुकीचं छापलं आणि वय दहा वर्षांनी वाढवलं. मी एवढंच सांगते: झाडाखाली गळलेली मोहफुलं वेचणारं माणूस वाकलेलं असतं. पहाटेच्या अंधुक उजेडात, मागच्या झुडपातून पाहिलं तर वाकलेलं माणूस आणि चरणारं जनावर यांत फरक कळत नाही. त्या वाघिणीला पिल्लं होती. गुणाबाईला टोपलं भरायचं होतं. एकाच झाडापाशी दोघींची वेळ आली. पुढे वनवाले आले, पिंजरा लागला, वाघीण बेशुद्ध करून गाडीत घालून नेली. सगळं गाव फोन वर धरून उभं होतं. मी गेले नाही. मला कंदिलात काय सापडलं ते पाहायचं नव्हतं.

तेरवीच्या दिवशी रामाजीभाऊंनी मला मांडवातच गाठलं. आपल्या वॉर्डातलं सगळ्यात मोठं माणूस. म्हणाले, "बाई, ते कागद जाळून टाका. पोरांच्या मोबाईलातूनबी काढायले सांगा. तुमी नाव लिवलं, हाक मारली, म्हनून ते आलं." मी म्हटलं, रामाजीभाऊ, फाट्यावर वनविभागाची पाटी कितीतरी वर्षं उभी आहे. तिच्यावर त्याचं सरळ नाव आहे, माझ्यापेक्षा मोठ्या अक्षरात, चित्रासकट. ती आधी जाळा, मग माझे कागद मागा. ते म्हणाले, "ते सरकारी हाय, बाई." कोणाला तरी हसू फुटलं आणि लगेच दाबलं गेलं. पण पंगतीत माझ्या दोन्ही बाजूंना कोणी बसलं नाही. त्याचं मला नवल वाटलं नाही. छप्पन साली दीक्षा घेऊन माझ्या आजोबांनी घरातला देव्हारा काढला, तेव्हापासून या गावात काही अशुभ झालं की लोक एकदा तुझ्या-माझ्या घराकडे बघून घेतात. मी पोटभर जेवले. गुणाबाईच्या नावाचं जेवण होतं, ते टाकून उठायला मी कोणाला भीत नव्हते.

मला वाटलं होतं, धुरपताही येणार नाही. ती तेरवीनंतर चौथ्या दिवशी भांडं परत करायच्या निमित्तानं आली, आणि भांडं ठेवून तिथेच उभी राहिली. विचारलं, "पुस्तक अर्ध्यावर सोडलं का, बाई?" मी म्हटलं, लोक काय म्हणतात ते ऐकलं ना. ती म्हणाली, "लोक मायच्या जागी मोहावर जानार हायेत का? जाऊन तं मीच राह्यली." मग म्हणाली, "माय त्या पुस्तकात अजून रानातच हाय. कंदील उघडून उभी हाय. तिले तसंच ठेवून तुमी झोपता कशा?" दिव्यानी, मला शाळेत, घरात, पंचायतीत पुष्कळ लोकांनी जाब विचारले. त्यांना मी तोंडानं उत्तरं दिली. हिच्यासाठी मी कागद काढला.

त्या दिवसापासून दुपारच्या उन्हात बायका आपल्या पडवीत येतात. आधी धुरपता एकटी, मग तिच्यासोबत मोहावर जाणाऱ्या. पुढे काय व्हावं यावर भांडतात. एकीनं म्हटलं, गुणीनं त्याला कंदिलात कोंडावं आणि झाकणावर धोंडा ठेवावा. दुसरी म्हणाली, कोंडू नये, पाळावं, म्हणजे मोहावर राखण करेल. यावर पुष्कळ हसणं झालं; त्याला काय खायला घालणार, तुझा नवरा का, असं. मी सांगितलं की टामोराच्या नियमानं न पकडता परतणारा खेळाडू हरतो, नेटवर खेळणारे मला फाडून खातील. धुरपता म्हणाली, "पकडून न्यायले वनवाले हायेत. आमचं पुस्तक आमी काऊन त्याच्यासाठी खर्च करावं?" मग तिनं सांगितलं काय हवं ते, आणि त्यावर कोणी वाद घातला नाही. मी काढत गेले. रामाजीभाऊ रोज समोरून जातात, बघतात, खाकरतात. मी पडवीचा पडदा सोडत नाही.

आणि मग तुझा फोन. पोरखेळ, लोक काय म्हणतील, एका मेलेल्या बाईवर गेमचं कॉमिक काढणं शोभतं का, हे सगळं मी ऐकून घेतलं. तू ओरडलीस तेही. मग तू हळूच म्हणालीस, "ते नाव आपण घालायला नको होतं, आई," आणि फोन ठेवलास. तू "आपण" म्हणालीस. रामाजीभाऊ मला बोलले, त्याचा मला राग आला. तुझं ऐकून मात्र मी कागद-पेन घेतलं. म्हणजे एवढे आठवडे तू तिकडे एकटी हे घेऊन बसली आहेस, की अक्षरं तू टाइप केलीस म्हणून हे झालं. मी विज्ञानाची शिक्षिका आहे, लाड मला जमत नाहीत, तेव्हा एकदाच आणि नीट वाच. वाघीण कॉमिक वाचत नाही. तिला तिचं नाव ठाऊक नाही, आपण ठेवलेलं तर नाहीच. तू एका फुग्यात अक्षरं घातलीस, मरण घातलं नाहीस. गुणाबाई आज असती तर तिनं नाव नको म्हणून मला धरलं असतं, पण तुझ्यावर कोणी बोट उचललं असतं तर त्याला गावातून पळवलं असतं. मी शाळेत असताना तुला तिनं वाढवलं. तुला पहिल्यांदा झाडावर तिनं चढवलं, मला न सांगता. तिच्यासाठी रडायचं असेल तर रड. अपराधी म्हणून मात्र रडायचं नाही. मी ते चालू देणार नाही.

आता हे पत्र कशासाठी, ते. चौथ्या अंकाच्या पानांचं पाकीट पुण्याहून परत आलं. पोस्टमन म्हणाला, तिकडे घेतलं नाही. चिकटपट्टी मी लावली होती तशीच आहे. तुला वाटलं, आईनं गुणाबाईचा शेवट काढला असेल आणि आता तो तुला रंगवावा लागेल. मी तो काढलेला नाही. धुरपता एवढंच म्हणाली होती, "मायले घरी आना." शेवटच्या पानांत गुणी कोणालाच हाक मारत नाही. कंदील मिटते, टोपलं भरते, डोक्यावर घेते आणि आल्या वाटेनं चालत घरी येते. अंगणात मोह पसरते. उंबऱ्यावर एक लहान मुलगी तिची वाट बघत बसली आहे, दोन वेण्यांची, गुडघा खरचटलेली. ती मी आठवणीनं काढली. पण तिच्या फ्रॉकचा रंग मला आठवत नाही, मी शाळेत असायचे. तुला आठवत असेल. छापखानेवाल्याला मी सांगितलं आहे की अंकावर "रंग: दिव्यानी" हे राहील, रंग आले नाहीत तर पानं काळी-पांढरी निघतील, पण नाव काढायचं नाही. पाकीट आज पुन्हा पोस्टात टाकते आहे, हे पत्र वर ठेवून. परत केलंस तर पुन्हा पाठवीन. घे.

तुझीच,
आई