घोंगडीवरचा डाग

३ जानेवारी १९६२, आर्णी

आजही नाहीच म्हणाली! गावभरच्या लग्नांचे, बारशांचे फोटो मी काढतो आणि घरच्या बायकोचा, कोकिळाचा, एकही नाही. छातीच्या दुखण्यानं वाळून काडी झाली, तरी ठेका कायम — "गाल भरू द्या, मंग काढा."

डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, उन्हाळा निघणं कठीण आहे. तिला कसं सांगू?

७ जानेवारी

काय ही थंडी! बोटं वाकत नाहीत.

९ जानेवारी

सकाळीच डोमाजी दारात. म्हणे तुरीवर बर्फ पडला. मी हसलो. आर्णीत आणि बर्फ? जाऊन पाहिलं तर खरंच — नदीकाठच्या त्याच्या शेतात दव गोठलेलं. त्याची तूर हातची गेली आणि मी कॅमेरा आणायला धावलो. लाज वाटली, पण धावलो.

कोकिळा ऐकेना, सोबत येतेच म्हणाली. "मले पाह्याचं हाये. मंग कवा पाहू?" म्हणजे तिला सगळं ठाऊक आहे. माझ्याच्यानं नाही म्हणवलं नाही.

पांढऱ्यामागं काळं हवं म्हणून घोंगडी तिच्याच हाती धरायला दिली. तोंड फोटोत घ्यायचं नाही, या बोलीवर. एका हातानं तिनं तुरीचं झाड हलवलं. कण उडाले, कोवळ्या उन्हात सगळी हवा चमकली! घोंगडीवरून डोकावून ती हसली, मग खोकत राहिली. मी खटके मारत राहिलो.

१४ जानेवारी

फिल्म धुतली, फोटो छापले. हवेतले कण छान उमटलेत. एक फोटो मात्र वाया गेला, घोंगडीवर पांढरट डाग. कोकिळाला दाखवला तर म्हणते, तुमचाच हात हालला असन! इतक्या दिवसांनी चिडवलं तिनं. बरं वाटलं.

२ मार्च

कोकिळा गेली.

६ मार्च

उद्या कोकिळाच्या नावानं पुण्यानुमोदनाचा विधी. हार घालायला सासूबाई फोटो मागत होत्या. एकही नाही म्हटलं. "फोटोवाल्याच्या घरात माह्या पोरीचा फोटो काहून नाही?" एवढंच विचारून त्या भिंतीला टेकून बसल्या. चोरून तरी काढायला हवा होता मी. कसला फोटोवाला!

७ मार्च

वाया गेलेला तो फोटो हाती आला. घोंगडीच्या काठावर तिची चार बोटं आहेत. आणि तो डाग नाही. थंडीत तिच्या तोंडून निघालेली वाफ आहे ती.

चौकटीत बसवून सासूबाईंपुढं ठेवला. त्यांनी बोटं ओळखली आणि हार घातला.