बाबा पुण्याला आले होते

शनिवार, संध्याकाळ. रत्नागिरी.

आजचा शो चांगला झाला, पण ते लिहायला मी बसलेली नाही. बाबांना पेटीची साथ करायचे ते भाईकाका शेवटी भेटायला आले. बाबा एवढे नावाजलेले पखवाजवादक. माझ्या ड्रम वाजवण्याला ते 'पत्रे बडवणं' म्हणायचे. माझ्या एकाही शोला आले नाहीत, असं मी ते गेल्यावरही सगळ्यांना सांगत आले.

भाईकाका म्हणाले, "आला होता गो, पुण्याला. मागे उभा होता. मी होतो ना संगती."

"मग मला भेटले का नाहीत?"

"ते त्यालाच ठाऊक."

मागे उभे होते. किती वेळ? पुण्यात मी एकदाच वाजवलंय. तेव्हा माईकवर हसत म्हणाले होते, बाबांकडून मी काहीच शिकले नाही. सगळ्यात जास्त टाळ्या त्या वाक्याला पडल्या होत्या.