पाणी मागे गेलं तेव्हा

पिंपरी, ४ मे १९५८
आमच्या सदाला कांडला बंदरात नोकरी लागली. महिनाअखेर सगळेच निघणार. घर अगदी समुद्राला लागून आहे म्हणे. त्याची मीनू आठ वर्षांची, तिने अजून समुद्र पाहिलेला नाही, सकाळपासून नाचते आहे. सदा तिला म्हणाला, "तिथे मोठ्यांचं ऐकायचं हं. तुझी सुमीआत्या ऐकायची नाही, म्हणून बुडाली."
मी भाजी निवडत होते. निवडत राहिले.

९ मे
सुमी. माझी लेक, अकरा वर्षांची. वेणी घालताना मान तिरकी करून गुणगुणायची.
पंचेचाळीस साली आम्ही वर्सोव्याला होतो. त्या सकाळी समुद्र भलत्याच वेळी मागे गेला. खडक उघडे पडले, मासे तडफडत होते, माणसं धावत सुटली. ती अभ्यासाला बसलेली. मीच टोपली दिली, "ऊठ, पळ, चार मासे आण." नको म्हणाली, तर रागावले. ती गेली आणि पाणी परत आलं.
ह्यांना सांगितलं, न विचारता गेली. पुण्याला शिकणाऱ्या सदालाही तेच लिहिलं. हे तर तेच खरं मानून गेले.

११ मे
चिंचवडच्या शाळेतल्या मास्तरांकडून भूगोलाचं पुस्तक आणलं. लहानपणी मला कॉन्व्हेंटात मदरनी चंद्र आणि भरती-ओहोटी शिकवली होती, हे शिकवलं नव्हतं. भूकंपाने समुद्राचा तळ उचलला जातो किंवा खचतो, वरचं सगळं पाणी हलतं, लाटा चहूकडे निघतात. भर समुद्रात बोटीलाही कळत नाहीत. किनाऱ्याशी उथळ पाण्यात मंदावतात आणि उंच होतात. कधी कधी आधी पाणी ओढलं जातं.
म्हणजे ती ओहोटी नव्हतीच. लाटेची सुरुवात होती. शेकडो मैलांवर जमीन हलली आणि इथे मी...

१४ मे
दूध घालणाऱ्या गंगूबाईंना विचारलं, समुद्र एकदम मागे सरला तर काय कराल?
"काय करायचं? मासं गोळा करायचं की! आमची पवना आटली की आमी बी डोहात उतरतो. तुमच्या मीनूनं परवा वाटीभर मासोळी धरली न्हवं का!"
"तिकडे मी परात नेणार," मीनू ऐटीत म्हणाली.
सूनबाई हसल्या.

१७ मे
दुपारी सामान बांधणं चाललं होतं. मीनूला जवळ बसवलं. म्हटलं, पाणी मागे गेलं की आपण उलट पळायचं, टेकडीकडे. लाट एकच नसते, लगेच खाली उतरायचं नाही. कुणी मासे आणायला पाठवलं तरी जायचं नाही.
"तू पाठवलंस तरी?"
"मी पाठवलं तरी."
"पण बाबा म्हणतात, मोठ्यांचं ऐकायचं."
सदाचा हात दोरीवरच थांबला. "आई, सुमी तुला विचारून गेली होती?"
"मी पाठवली तिला. नको म्हणत होती."
तो चपला घालून बाहेर पडला. आता दिवे लागले. ट्रंक अर्धीच भरलेली आहे. सूनबाईंनी दोनदा विचारलं, "ह्यांचं ताट वाढू का?"