हॉलंडात वाटलेला वानवळा

ती. हिंदुराव मामा,

उत्कर्षाचा हॉलंडातून वाकून नमस्कार (समोर नुसती भिंत आहे, तरी वाकले आहे). तुमचा गुडघा कसा आहे? मामींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं का, आणि तुम्ही स्पष्ट दिसायला लागल्यावर त्या काय म्हणाल्या? मी इकडं खुशाल आहे. आईनं दिलेलं काळं तिखट संपत आलंय, एवढं सोडलं तर काळजीचं कारण नाही.

फोन सोडून पत्र का, तर मामी फोन स्पीकरवर ठेवतात आणि मग निम्मा बावडा माझ्याशी बोलतो. हे पत्र इंदापूरचा कुशल सुट्टीला येताना आणून देईल. तो इथं माझ्याच वर्गात आहे. पत्राचं कारण शेवटी लिहिते, आधी लिहिलं तर तुम्ही पुढचं वाचणार नाही. एवढंच सांगते, की तात्यांच्या कानावर एक गोष्ट घालायची आहे आणि मला धीर होत नाही. माझा नि वडिलांचा रस्ता बावड्यावरूनच जातो हे तुम्हाला माहीत आहे. दहावीला गणितात पस्तीस पडले ते तुम्ही सांगितलंत, स्कूटी ओढ्यात घातली ते तुम्ही सांगितलंत, परदेशी शिकायला जायचं म्हणते हेही तुम्हीच. (तात्या रागावत नाहीत. ते गप्प बसतात, आणि ते रागावण्यापेक्षा वाईट.)

आता पराक्रम ऐका. इथं माझे मास्तर आहेत, त्यांचं नाव यान. इथं मास्तरांना नुसत्या नावानं हाक मारायची पद्धत आहे, पण माझी जीभ वळेना, म्हणून मी त्यांना यानसर म्हणते आणि त्यांना ते आपलं आडनाव असल्यासारखं वाटतं. तर यानसरांनी मला काचघरात वांग्याची चोवीस झाडं दिली. कुणाला जास्त पाणी, कुणाला कमी, आणि पहिल्या तोड्यापासून प्रत्येक झाडाची वांगी वेगळी तोलून वहीत लिहायची. एवढंच काम. लोणी भापकरची पोर आणि वांगी, म्हणजे मला वाटलं परीक्षा घरातच आहे.

पहिला तोडा सोमवारी ठरला होता. मी शनिवारी सहज बघायला गेले, तर वांगी अशी तुकतुकीत झालेली, की आणखी दोन दिवस ठेवली तर बी धरतील. हात आपोआप गेला. चोवीस झाडांची पहिली वांगी ओढणीत घेतली आणि जे आपण पहिल्या मालाचं करतो तेच केलं, घरोघरी वानवळा वाटला. घरमालकीणबाईंना दोन, शेजारच्या दोन्ही घरी चार-चार, फाटकावरच्या रखवालदाराला तीन, आणि सगळ्यांत मोठी यानसरांच्या घरी. सर नव्हते, त्यांच्या पत्नींनी घेतली. त्या सारख्या कारण विचारत होत्या. वानवळ्याला कारण नसतं हे मला इंग्रजीत सांगता आलं नाही, म्हणून मी नुसती हसून आले.

मामा, तोलायचं माझ्या ध्यानातच आलं नाही. तोलतो तो माल बाजारचा. वानवळ्याला आपण कधी काटा लावलाय का? सोमवारी वही उघडली आणि चोवीस रिकामे रकाने माझ्याकडं बघायला लागले. तेवढ्यात यानसर आले आणि रविवारी घरी वांग्यांचं जेवण काय सुंदर झालं होतं ते सगळ्या वर्गाला सांगत बसले. माझा प्रयोग त्यांनी सहकुटुंब खाल्ला होता.

मी धावत वानवळ्याच्या सगळ्या घरी जाऊन आले. घरमालकीणबाईंनी वांगी तोलली होती (त्या सगळंच तोलतात), वजन डायरीतही लिहिलं होतं, पण झाड कोणतं ते वांग्याला विचारायचं राहिलं. मग मी सवयीप्रमाणे आजूबाजूला मामा शोधला. कुशलला सरांकडं पाठवलं. तो पाच मिनिटांत परत आला आणि म्हणाला, प्रयोग जिचा आहे तिनं यावं असं सांगितलंय.

गेले. सगळं सांगितलं. मग सर काय करायचं ते सांगतील म्हणून वाट बघत उभी राहिले. ते म्हणाले, "मलाही माहीत नाही. तुला काय वाटतं?" मामा, बालवाडीपासून आजवर एकाही मास्तरानं मला माहीत नाही असं सांगितलेलं नाही, आणि मला काय वाटतं हे तर घरीही कुणी विचारलेलं नाही. मग मी म्हणाले, पहिला तोडा मीच वाटून टाकला असं अहवालात सरळ लिहिते आणि दुसऱ्या तोड्यापासून मोजते. त्यांनी मान डोलावली आणि वानवळा म्हणजे काय यावर मला वर्गासमोर अर्धा तास बोलायला लावलं. दहापैकी सात गुण मिळाले. इथं सात म्हणजे चांगले, पण तात्या फोनवर एवढंच म्हणाले, की बाकीचे तीन कुठं गेले.

मामींना नमस्कार. गुडघ्याला शेक घेत जा.

आपली भाची,
उत्कर्षा

ता. क. आता कारण. मला इथल्या एका कंपनीनं नोकरी देऊ केली होती, ती मी नाकारली. कोर्स संपला की मी परत येऊन शेती करणार आहे. तात्या गावभर सांगत फिरतात की पोरगी आता तिकडचीच झाली. त्यांना हे तुम्ही सांगा.

ता. क. २. वरचं वाचलं आणि स्वतःचीच लाज वाटली. यानसरांपुढं उभी राहिले आणि बापापुढं मामाला पाठवते. सांगू नका. मीच फोन करते.

ता. क. ३. केला. तात्या सवयीप्रमाणे गप्प बसले. मग म्हणाले, "शिकून झालं की घरी ये म्हणावं, असा निरोप मी दोन महिन्यांमागंच हिंदुरावांकडं दिला हुता. तुला मिळाला न्हाय व्हय?"

मामा, आयुष्यात पहिल्यांदाच तुम्ही निरोप दाबून ठेवलात. पोचवला असता तर मी तात्यांच्या सांगण्यावरून आले असते. आता माझी मी येते आहे. तुमचे हे उपकार मी विसरणार नाही. फोन ठेवल्यावर मी खूप रडले, आणि मग वांगी भाजली.

ता. क. ४. विहिरीजवळचा अर्धा एकर मला माझ्या प्रयोगांसाठी हवा आहे, तात्यांनी त्यात पाऊल न टाकता. तेवढं मात्र तुम्हीच सांगा.