पाठमोरं गिऱ्हाईक

ता. ४

चि. धाकट्यास, अनेक आशीर्वाद.

तुझा खोका पोचला. आत फोमचे दोन पंख, धड, शेपूट, मोटर, पंखा आणि रिमोट. बॅटरी नाही! ती इथे घेतली. तेवढ्या पैशांत महिन्याचं दूध आलं असतं.

शिलाईचं दुकान बंद केल्यापासून हे भिंतीकडे तोंड करून बसतात, म्हणून तू पाठवलंस, कळतं मला. पण लढाऊ विमानच सापडलं तुला? यांनी पंख चिकटवून वाळत ठेवले ते देवापुढे. म्हणे, तिथे कुणाचा पाय लागत नाही. मी जपाला बसले की नाकात डिंकाचा वास! मग यांनी विमान टेबलावर पाठमोरं ठेवून, माझ्या डावीकडचं ते गिऱ्हाइकाचं उजवं, असं पुटपुटत पंखांच्या हलत्या पट्ट्या रिमोटला जुळवल्या.

रविवारी मैदानात शेजारच्या घड्याळजींनी ते हाताने फेकलं. यांनी डावीकडे वळवलं, तर ते उजवीकडे कलंडलं. आणखी डावीकडे दाबलं, तर पालथं होऊन नाकावर आपटलं. झालं, हे पुन्हा भिंतीकडे! हातातलं कसब गेलं म्हणतात, जेवायलाही उठत नाहीत. काय चुकलं ते लिही, नाहीतर तुझा खोका तू परत ने.

जीव टांगणीला लागलेली,
ताई

ता. १३

ती. ताईस, सा. न. वि. वि.

रागावू नकोस, पण पत्र वाचून मी एकटाच हसत सुटलो. दाजींचं कसब कुठे गेलेलं नाही, तेच आडवं आलं. शिंप्याचं गिऱ्हाईक समोर तोंड करून उभं असतं, म्हणून त्याचं उजवं आपल्या डावीकडे येतं. हे गिऱ्हाईक पाठमोरं होतं ना! पाठमोऱ्याचं डावं ते आपलंच डावं. रिमोटवर दिशा उलटायचं बटण आहे, तेवढं फिरवायला सांग. चेपलेलं नाक कढत पाण्यात धरा, फोम फुगतो.

आणि विमान अंगावर यायला लागलं की नवशिक्यांची गाळण उडते, कारण तिथे डावं-उजवं उलटतं. दाजींना तेच सोपं जाईल बघ.

राग थोडा, लोभ पुष्कळ असू दे.

तुझा धाकटा

ता. २६

चि. धाकट्यास, आशीर्वाद.

विमानाचं नाक माझ्या दुधाच्या पातेल्यात शेकलं. पातेलं गेलं कामातून.

घड्याळजी आता लांबूनच हात जोडतात. मग फेकणार कोण? मी! पदर खोचला, देवाचं नाव घेतलं. हे मागून ओरडतायत की धुणं झटकल्यासारखं नको, सरळ फेक. आणि गेलं रे वर! वळून थेट आमच्यावर आलं तेव्हा मी डोळेच मिटले; यांनी ते असं अलगद बाजूला काढलं की मैदानातले जुने विमानवाले यांना विचारायला आले.

आता रोज सकाळी हे बूट घालून दारात उभे. माझी पूजा धड होत नाही, कंबर बोलते, धापा टाकत माघारी येते. त्यात कुणीतरी यांना सांगितलंय की चाकांवर पळत जाऊन उडणारं विमान असतं, त्याला फेकायला माणूस लागत नाही. तसलं काही मिळत नाही, असं यांना उलट टपाली लिहून टाक. खोट्याचं पाप माझ्या माथी.

ताई