पेपर आणि वजन एकाच दिवशी

सर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आपल्या शाळेच्या मैदानावर आता गाड्या लागतात, आणि मला त्याचं वाईट वाटायचंही थांबलंय. आज लिहायला बसलो कारण दमलोय. पन्नाशी उलटली. दिवसा कॉलेजात गणित विभागाचा प्रमुख, गेल्या आठवड्यापर्यंत संध्याकाळी सारसोळ्याच्या मंडळात प्रौढांच्या कबड्डी संघाचा चढाईपटू. गुडघा असा वाजतो की बायको म्हणते, "तुम्ही बेल वाजवू नका, जिन्यातच कळतं कोण आलंय." सत्कार झाला की ओळख करून देणारा हमखास म्हणतो, सरांनी दोन्ही सांभाळलं. मी हात जोडतो, आणि उठताना हळूच टेबलाचा आधार घेतो.

तुम्ही शाळेत गणितही शिकवायचात आणि कबड्डीही. कोळीवाड्यात मासळी विकून घर चालवणाऱ्या बाईच्या पोराला या दोन्हींत ओढलंत, आणि शाळा सुटली तरी सोडलं नाहीत. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाचा तो दिवस आठवतो. सकाळी पेपर, संध्याकाळी वजन. तेव्हा आपल्याकडच्या स्पर्धा किलोवर व्हायच्या. गटापेक्षा पावशेर जास्त भरला की गडी बाहेर. आदल्या दुपारपासून माझ्या पोटात काही नाही. पहाटे दोन स्वेटर घालून मी खाडीच्या बांधावरून पळतोय, तुम्ही मागून सायकलवर, "घाम गाळ लेका, घाम," आणि मधेच प्रमेय विचारताय. पेपर लिहिताना अक्षरं हलायला लागली, तेव्हा पर्यवेक्षकांनी माझ्यासाठी चहा मागवला. मी कप परत सरकवला. म्हटलं, "नको सर, आज वजन आहे." पोराच्या डोक्यावर परिणाम झालाय असंच त्यांना वाटलं असणार. संध्याकाळी वाण्याच्या गोणी तोलायच्या काट्यावर उभा राहिलो, बसलो गटात, आणि तुम्ही खांद्याला धरून मला घरी नेलंत.

तुमच्या स्वयंपाकघरात मी पाटावर बसलोय. काकू म्हणाल्या, "अहो, त्याला आधी झोपू द्या. डोळे बघा पोराचे."

"झोप मॅच झाल्यावर," तुम्ही म्हणालात.

मी सुरुवात केली, "सर, मी काय म्हणत होतो..."

"म्हणू नगंस. जेव आधी. दोन्ही करायचं, गड्या. एक सोडलंस की दुसरंबी सुटतंय, ध्यानात ठेव."

मला विचारायचं होतं, एक वर्ष कबड्डी बंद ठेवू का. तुम्ही भातावर आमटी ओतत होतात. तुम्ही ऐकलंच नाहीत, की ऐकूनही वाढत राहिलात, हे मला अजून उमगलेलं नाही. तक्रार करत नाहीये. तुमच्या त्या बोलण्यावर मी एमएस्सी केली, पीएचडी केली, नोकरी धरली, फ्लॅट घेतला, आईला मासळीच्या पाटीपासून सोडवलं. पण वर्गात फळ्याकडे तोंड असताना माझी पोटरी दुखत असायची आणि मैदानात तपासायचे राहिलेले पेपर डोक्यात असायचे. कुठेच मी सबंध नसायचो.

गेल्या आठवड्यात आमच्या विभागातली एक नवी शिक्षिका केबिनमध्ये आली. ऐरोलीहून येते, माझ्याच हाताखाली पीएचडी करते, आणि कबड्डीत डावा कोपरा खेळते, असा की समोरचीचा पाय हातात आला तर सुटत नाही. राज्याच्या शिबिरात तिची निवड झाली होती आणि त्याच महिन्यात प्रबंध द्यायचा होता. "सर, रजेवर सही हवी होती. प्रबंधाचं मी जमवेन. रात्री लिहीन. टेन्शन नाही. तुम्ही पण जमवलंच ना, सर?"

सर, मागच्या बाकावर कोण कुजबुजतंय ते मला पाठमोरा असताना कळतं, तुम्हाला माहीत आहे. तिचा आवाज शेवटी बारीक झाला. मी तुमचं वाक्य तोंडापर्यंत आणलं होतं. ते गिळलं आणि म्हटलं, "दोन्ही एकदम केलंच पाहिजे असं काही नाही."

"म्हणजे? खेळ सोडू?"

"खेळ सोड, नाहीतर प्रबंध पुढे ढकल. तुझं तू ठरव. एक थोडे दिवस बाजूला ठेवलंस म्हणून कोणी तुला कमी लेखणार नाही. निदान या केबिनमध्ये तरी नाही."

ती समोरची खुर्ची ओढून बसली. मग म्हणाली, "घरी सगळे एकच बोलतात, तू करशील, तू करशील. हे कोणीच बोललं नाही." आणि डोळे पुसून, "प्रबंधाला मुदतवाढ मिळेल का सर?"

"अर्ज आण. मिळवू."

ती दोन-दोन पायऱ्या टाकत जिना उतरली, ते मी बसल्या जागेवरून ऐकलं.

त्याच संध्याकाळी मंडळात जाऊन मी सांगितलं, यंदापासून माझं नाव संघात घालू नका. "सर, मस्करी करता काय?" पोरं म्हणाली. मी गुडघ्याचं नाव पुढे केलं. लोकांना गुडघा पटकन पटतो. घरी येऊन जेवलो आणि झोपलो, अगदी गाढ.

हे पत्र कुठे पाठवायचं हा प्रश्नच नाही. पण खरं सांगतो, तुम्ही असतात तरी मी हे पोस्टात टाकलं नसतं. तुमच्या दारात येऊन उभा राहिलो असतो, तुम्ही विचारलं असतंत, "दमलास काय रे?" आणि मी म्हटलं असतं, "नाही सर."